मुलं परदेशात, रिचार्ज पौडला

मुळशी तालुक्यात पौड, पिरंगुट, भूगाव अशा कुठल्याही गावातल्या मोबाइलच्या दुकानात हे गिऱ्हाईक भेटतं. वय साठीच्या आसपास, खिशात स्वतःचा फोन, पण रिचार्ज मारायचा असतो दुसऱ्याच नंबरला. ‘मुलगा जर्मनीला असतो, त्याचं कार्ड बंद पडायला नको,’ एवढंच सांगणं. दुकानदारही फार खोलात जात नाही. चौऱ्याऐंशी दिवसांचा मारू की वर्षाचा, एवढंच विचारतो. त्या नंबरवरून मुलगा कोणालाच फोन करत नाही. घरच्यांशी त्याचं बोलणं इंटरनेटवरून होतं आणि रोजच्या कामाला तिकडचा नंबर आहेच. तरी इकडचा नंबर जिवंत राहावा म्हणून घरातलं कोणीतरी वर्षानुवर्षं पैसे भरत राहतं. बँक, आधार, प्राप्तिकर, भविष्य निर्वाह निधी, सातबारा या सगळ्या कुलपांना त्या एकाच नंबरची किल्ली लागते.

नंबर हा ओळखीचा पुरावा झाला, पण त्याला लागू असलेले नियम मात्र अजून दुकानातल्या पॅकचेच आहेत. मुदत संपली की माल संपला. परदेशात राहणाऱ्या लाखो भारतीयांची, आणि त्यात मराठी माणसांचीही, सगळी अडचण या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत आहे. ती बुजवणं फार अवघड नाही. त्यासाठी दूरसंचार नियामकाने आणि राज्य सरकारने एकेक पाऊल टाकायला हवं.

मुळशीत ही अडचण ठळक दिसण्याचं कारण उघड आहे. हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क याच तालुक्यात येतं. तिथे नोकरीला लागलेली मुलं ऑनसाइट म्हणून अमेरिका, जर्मनी, ब्रिटनला जातात आणि त्यांतली बरीच तिकडेच राहतात. लवळ्याच्या टेकडीवर सिम्बायोसिसचं विद्यापीठ आहे, शेजारी फ्लेम विद्यापीठ आहे. तिथून दरवर्षी मुलं पुढच्या शिक्षणासाठी बाहेर पडतात. पौडच्या पुढे खुबवलीला महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७ पासून आहे, आणि तिथे उलटा प्रवास होतो. कितीतरी देशांची मुलं आपापल्या देशाचं सिम खिशात घेऊन इथे दोन वर्षं शिकायला येतात. त्यांच्याकडे पुढे वळू.

आणि मुळशीत जमीन आहे. जमिनीचं दुखणं या तालुक्याला नवं नाही. टाटा कंपनीच्या धरणात गावं आणि भातखाचरं जाणार म्हणून १९२१ मध्ये इथे सत्याग्रह झाला. सेनापती बापटांना ‘सेनापती’ हे नाव त्याच लढ्याने दिलं. त्यानंतर हिंजवडी-माणची भूसंपादनं झाली, लवासा झालं, फार्महाउसचे प्लॉट पडले, गुंठ्याचे भाव कुठल्या कुठे गेले. ज्या घरची दोन मुलं बाहेर आहेत आणि आईवडील थकले आहेत, त्या घराला सातबाऱ्यावर नजर ठेवणं ही चैन नसते. कोणाचं नाव चढलं, कोणाचं कमी झालं, कुठला फेरफार धरला गेला, हे वेळच्या वेळी कळावं लागतं. राज्य सरकारच्या ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर फेरफाराची नोटीस लागते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. ते पंधरा दिवस कोणासाठी थांबत नाहीत.

राज्य सरकारने सातबारा घरबसल्या दिला, ही मोठीच गोष्ट केली. स्टुटगार्टमध्ये बसलेला माणूस रात्री जेवण झाल्यावर मुळशीतला गट नंबर टाकून उतारा पाहू शकतो. महाभूलेखच्या पानावर तो जिल्हा निवडतो, तालुका निवडतो, गाव निवडतो, गट नंबर टाकतो. मग येते मोबाइल क्रमांकाची चौकट. तिला दहा आकडी भारतीय नंबर हवा असतो. जर्मनीचा नंबर तिथे चालत नाही. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो, पण त्यासाठी ओटीपीने लॉगइन करायचं तर त्याच दहा आकड्यांवर ओटीपी यायला हवा. म्हणजे जमीन त्याची, नाव त्याचं, पैसे द्यायची तयारीही आहे. फक्त पौडला कोणी रिचार्ज मारायचा विसरलेला नसावा.

आधारचं त्याहून कडक आहे. आधार प्राधिकरण भारताबाहेरचा मोबाइल क्रमांक स्वीकारतच नाही. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला भारतीय पासपोर्टवर आधार काढता येतं, १८२ दिवसांच्या वास्तव्याची अट त्याच्यासाठी २०१९ मध्ये काढली गेली, पण त्या आधारला जोडायला नंबर भारतातलाच लागतो. आणि आधारचा ओटीपी आला नाही की पुढची साखळीच अडते. हिंजवडीत पाच वर्षं नोकरी करून गेलेल्याला तिथला पीएफ काढायचा तर आधारशी जोडलेल्या नंबरवर ओटीपी. डिजिलॉकर उघडायचं तर ओटीपी. विवरणपत्राची पडताळणी आधारने करायची तरी ओटीपीच.

प्राप्तिकर विभागाबद्दल एक चांगली गोष्ट सांगायला हवी. अनिवासी करदात्याला तिथे परदेशी नंबर नोंदवता येतो, ओटीपी ईमेलवरही येतो, आणि काहीच जमलं नाही तर सही केलेली पोच ३० दिवसांत टपालाने बंगळुरूला पाठवायची सोय आहे. देशातला सर्वांत काटेकोर विभाग जर परदेशी नंबर आणि ईमेल चालवून घेऊ शकतो, तर सातबाऱ्याच्या पानाला तेच का जमू नये, हा प्रश्न महसूल खात्याला विचारायलाच हवा.

आता नियमांकडे येऊ. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, यांचा २०१३ चा नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरलाच नाही तरच तो बंद करता येतो. तेव्हाही खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर कंपनीने ते कापून घेऊन नंबर आणखी ३० दिवस ठेवायचा, आणि शिल्लक असेपर्यंत असंच करत राहायचं. शिल्लक संपून नंबर गेलाच तर १५ दिवसांच्या आत पैसे भरून तो परत मिळवता येतो. २०२५ च्या जानेवारीत ‘वीस रुपयांत सिम चालू’ अशा बातम्या सगळीकडे फिरल्या. त्या नव्या सवलतीच्या नव्हत्या, याच बारा वर्षं जुन्या नियमाच्या होत्या.

या नियमातली एक मेख मात्र परदेशी असलेल्यांनी नीट समजून घ्यावी. ‘वापर’ कशाला म्हणायचं याची यादी नियमात आहे. आलेला किंवा केलेला कॉल, पाठवलेला एसएमएस, डेटा, मूल्यवर्धित सेवा. आलेला एसएमएस त्यात नाही. म्हणजे ज्या कामासाठी हा नंबर जपला जातो, ते ओटीपीचं येणं, त्याला नियम वापर मानतच नाही. रोज बँकेचे दहा मेसेज येत असले तरी कागदावर तो नंबर निजलेलाच असतो. महिन्या-दोन महिन्यांतून त्या सिमवरून एक एसएमएस पाठवावा, एखादा कॉल घ्यावा, हा सल्ला जुनी अनिवासी मंडळी नव्यांना देतात तो याचसाठी.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. नंबर बंद न होणं आणि त्यावर ओटीपी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीस रुपयांचा नियम नंबर दुसऱ्याला जाण्यापासून वाचवतो, पण पॅकची मुदत संपल्यावर सेवा चालू ठेवण्याची हमी तो देत नाही. मुदत संपली की आधी जाणारे कॉल थांबतात, मग काही दिवसांनी येणारेही. नंबर नावावर राहतो आणि उपयोगाला येत नाही.

हे पूर्वीपासून असं नव्हतं. २००५-०६ च्या सुमारास ‘लाइफटाइम’ कार्डं आली तेव्हा एकदा हजारभर रुपये भरले की इनकमिंगची काळजी मिटायची. पुण्यात, मुळशीत किती घरांनी ती कार्डं घेतली आणि मिस्ड कॉलवर संसार चालवले! २०१६ मध्ये जिओ आलं, दर कोसळले, कंपन्या मोडल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या. २०१८ च्या अखेरीला उरलेल्यांनी किमान रिचार्जची अट आणली. २८ दिवसांना ३५ रुपये, नाहीतर इनकमिंग बंद. तेव्हापासून ही रक्कम चढतच गेली आणि नुसतं कार्ड चालू ठेवणाऱ्यालाही रोजच्या दीड जीबी डेटाचे पैसे मोजावे लागू लागले. मुलगा जर्मनीत आणि त्याचा दीड जीबी रोज रात्री बारा वाजता वाया.

ट्रायने २३ डिसेंबर २०२४ रोजी यात दुरुस्ती केली आणि ती स्वागतार्हच होती. डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला कंपन्यांना भाग पाडलं आणि अशा पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवस केली. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलचा १८४९ रुपयांत वर्षाचा आणि जिओचा १७४८ रुपयांत ३३६ दिवसांचा पॅक आला. पण त्यातही अमर्याद कॉल आहेत आणि हजारो एसएमएस आहेत, म्हणजे परदेशातल्या माणसाला नको असलेलंच सगळं. त्याला हवं असतं ते एवढंच की येणारा मेसेज यावा. ती एक वस्तू आजही सुटी विकत मिळत नाही.

डॉलरमध्ये कमावणाऱ्याला वर्षाला अठराशे रुपये जड नाहीत, असं म्हणणारे भेटतात. त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त कॅलिफोर्निया असतो. कर्ज काढून आयर्लंडला शिकायला गेलेली मुलगी, आखातात ड्रायव्हर किंवा नर्स म्हणून गेलेली माणसं, जहाजावर नऊ-नऊ महिने असणारे खलाशी यांनाही हाच नंबर लागतो. शिवाय प्रश्न पैशांइतकाच भरवशाचा आहे. परदेशातून हा रिचार्ज करणं हेच एक दिव्य असतं. कंपन्यांच्या ॲपवर तिकडची कार्डं बऱ्याचदा चालत नाहीत. भारतीय कार्ड वापरावं तर बँकेचा ओटीपी त्याच बंद पडलेल्या नंबरवर. यूपीआय करावं तर तेही त्याच नंबरला बांधलेलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शेवटी फोन जातो पौडला, बाबांना.

सिम परदेशात नेलं तर काय होतं, तेही पाहू. बहुतेक कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय रोमिंगमध्ये आलेल्या एसएमएसला पैसे पडत नाहीत, पण रोमिंग निघण्याआधी सुरू करून घ्यावं लागतं. ते राहून गेलं तर विमानातून उतरल्यावर सिम मुकं. काही वर्षांपूर्वीपर्यंत अनेकांनी एक सोपी युक्ती केली होती. जुना बटणांचा फोन, त्यात भारतातलं सिम, आणि तो फोन स्वयंपाकघरातल्या खणात चार्जरला लावलेला. ओटीपी आला की खण उघडायचा. अमेरिकेत एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, वर्षअखेर व्हेरायझननेही केलं. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये तेच झालं. खणातले कितीतरी फोन त्या दिवसांनंतर नेटवर्क शोधत राहिले. त्यातच २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमची खाचच नाही. पुण्याहून नेलेलं कार्ड घालायचं कुठे? त्याचं ई-सिम करून घ्यावं लागतं आणि ते काम इकडे असतानाच, इकडच्या नेटवर्कवर उरकलेलं बरं.

म्हणून अनेक जण सिम घरीच ठेवतात, आईच्या किंवा वडिलांच्या फोनच्या दुसऱ्या खाचेत. मग एक नवाच दिनक्रम सुरू होतो. टेक्ससमध्ये दुपारचे तीन वाजलेले असतात, मुलगी बँकेच्या पानावर बसलेली असते, आणि मुळशीत रात्री दीडच्या पुढे वडील चष्मा शोधत असतात. ‘सहा आकडे दिसतायत का? बँकेच्या नावाचा मेसेज बघा. त्याच्या वरचा नको.’ आकडे वाचून होईपर्यंत मुदत संपते आणि पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या वेळी वडील ते आकडे सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. ज्या माणसाला बँक, सरकार, वर्तमानपत्रं सगळी सांगतात की ओटीपी कोणालाही सांगू नका, त्याच माणसाला दर आठवड्याला तो सांगायची सवय लागते. फसवणाऱ्याला नेमकी हीच सवय हवी असते. आणि धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांच्या घरात तर रेंजचाच भरवसा नाही. ताम्हिणीकडे निघालं की फोनच्या काड्या कशा गळत जातात, हे पावसाळी सहलीला जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलं आहे.

ज्येष्ठांची स्वतःची अडचण वेगळीच. नातवंडाच्या जन्माला किंवा हवापालटाला म्हणून आई-बाबा अमेरिकेला जातात. व्हिसावर सहा महिने राहायची परवानगी मिळते, तिकीटही तेवढंच काढलेलं असतं. जाताना चौऱ्याऐंशी दिवसांचा पॅक ताजा मारलेला असतो आणि तो अर्ध्या मुक्कामातच संपतो. तिथे आजोबांचा फोन वाय-फायवर छान चालत असतो, भजनं लागतात, गावच्या ग्रुपवर फोटो येतात, त्यामुळे नंबर निजल्याचं कोणाच्या लक्षातच येत नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला भरायची वेळ येते, ओटीपी मागितला जातो, तेव्हा कळतं. निवृत्तिवेतनावर घर चालणाऱ्या माणसासाठी ही किरकोळ गैरसोय नाही.

नंबर कायमचा गेला तर पुढे काय, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयात २०२३ मध्ये स्पष्ट झालं. बंद झालेले नंबर नव्या ग्राहकाला देऊ नयेत, अशी एक याचिका होती. ट्रायने सांगितलं की बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कोणाला दिला जात नाही, त्यानंतर तो पुन्हा वाटपात येतो. न्या. संजीव खन्ना आणि न्या. एस. व्ही. एन. भट्टी यांच्या खंडपीठाने ३ नोव्हेंबर २०२३ रोजी हस्तक्षेप करण्यास नकार दिला. जुन्या नंबरशी जोडलेला आपला डेटा पुसण्याची काळजी ग्राहकानेच घ्यावी, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. कायद्याच्या अंगाने ते समजण्यासारखं आहे. पण ज्याचा नंबर परदेशात असताना त्याच्या नकळत गेला, त्याने काळजी घ्यायची कशी? ती घ्यायला जी खाती उघडावी लागतात, त्यांचा ओटीपी आता कोणा तिऱ्हाइताच्या फोनवर वाजतो.

सरकारी यंत्रणांना हा धोका समजलेला आहे, हे त्यांच्याच पावलांवरून दिसतं. बंद झालेल्या नंबरांची यादी आता बँकांना मिळते, आणि १७ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने बँकांना ती यादी वापरून आपल्या नोंदी स्वच्छ करायला सांगितलं. पाठोपाठ यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाने १ एप्रिल २०२५ पासून बँका आणि ॲपना अशा नंबरांची नोंद दर आठवड्याला अद्ययावत करायला लावली. हे योग्यच झालं. पण या सगळ्यात नंबर गेल्यानंतरची निरवानिरव आहे. तो जाऊच नये याची सोय अजून कोणी केलेली नाही.

गेलेला नंबर सोडून द्यायचा आणि सुट्टीत येऊन सगळं नव्याने जोडायचं, हा मार्ग उरतो. दोन-तीन आठवड्यांची सुट्टी, त्यात लग्नं, दवाखाने, कुलदैवत. नवं सिम घ्या, आधारला जोडा, मग बँकेत जा, मग पीएफ. जुनंच सिम बदलून मिळालं तरी पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत, कारण सिम-बदल करून होणाऱ्या चोऱ्या रोखायला दूरसंचार विभागाने तसा नियम केला आहे. नियम चांगला आहे, पण मोजकेच दिवस हाती असलेल्याला त्यातला एक दिवस जातो.

आता खुबवलीच्या मुलांकडे वळू. आपल्या देशाचा प्रीपेड नंबर दोन वर्षं कसा जपायचा, हा प्रश्न त्यांनाही असतो. ब्रिटनहून आलेल्याकडे तिकडचं गिफगाफचं सिम असेल तर सहा महिन्यांतून एकदा ते वापरलं, एक मेसेज पाठवला, की नंबर टिकतो; दर महिन्याचा पॅक सक्तीचा नाही. अमेरिकेतून आलेल्याला आपला नंबर एकदाच २० डॉलर भरून गुगल व्हॉइसवर हलवता येतो आणि त्यानंतर त्यावरचे कॉल आणि बरेचसे मेसेज जगात कुठेही इंटरनेटवर घेता येतात. नंबर नुसता सांभाळून ठेवण्याचा धंदा करणाऱ्या कंपन्याही तिकडे आहेत. सगळं तिकडे गोडच आहे असं नाही. अमेरिकी बँका अशा इंटरनेटवरच्या नंबरला ओटीपी पाठवायला पुष्कळदा नकार देतात. पण एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. माणूस देशाबाहेर गेला तरी नंबर त्याचा राहू शकतो, ही कल्पना तिथल्या बाजाराने मान्य केली आहे. सरकारी कामं ओटीपीवर चालवण्यात भारत या देशांच्या पुढे आहे, आणि नंबर जपण्याच्या सोयीत मात्र मागे.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. दहा आकडी नंबर अमर्याद नाहीत, निजलेल्या नंबरांनी मालिका अडतात. ट्रायने फेब्रुवारी २०२५ च्या शिफारशींत वर्षभर न वापरलेले नंबर सक्तीने बंद करावेत असं सुचवलं ते त्याचमुळे. सुरक्षेचा मुद्दाही खरा आहे. कंबोडियासारख्या देशांत भारतीय सिम नेऊन तिथून भारतीयांनाच लुबाडणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या आहेत. मग भारताबाहेर चालणाऱ्या सिमवर लक्ष हवंच. पण या दोन्ही हरकतींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. जो ग्राहक आपला पासपोर्ट आणि परदेशातला पत्ता नोंदवून, ‘मी बाहेर आहे, हा नंबर माझा आहे’ असं जाहीर करायला तयार आहे, तो निजलेला ग्राहकही नाही आणि संशयितही नाही. उलट त्याची नोंद कोणत्याही रोजच्या प्रीपेड ग्राहकापेक्षा पक्की असेल.

तेव्हा ट्रायने कंपन्यांना एक ‘नंबर-जपणूक’ पॅक सक्तीचा करावा. मुदत एक वर्ष, कॉल नाहीत, डेटा नाही, फक्त येणारे एसएमएस, रोमिंगवरही. किंमत २०१३ च्या स्वतःच्याच नियमाला धरून ठेवावी. दर ३० दिवसांना वीस रुपये, म्हणजे वर्षाला अडीचशेच्या आत. पैसे परदेशी कार्डाने भरता आले पाहिजेत आणि मुदत संपत आल्याची सूचना ईमेलवरही गेली पाहिजे, कारण जो माणूस ते सिम रोज बघत नाही त्याला त्याच सिमवर सूचना पाठवून काय साधतं? येणारा एसएमएस ‘वापर’ म्हणून धरायची दुरुस्ती त्याच वेळी करावी.

राज्य सरकारने करायचं काम तर याहून सोपं आहे. सातबाऱ्याच्या पानांवर देशाचा कोड टाकायची जागा द्यायची आणि ओटीपी ईमेलवरही पाठवायचा. बँकांची दिशा आधीच बदलते आहे. अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती अशा दहा देशांच्या नंबरवर अनिवासी खात्यांना यूपीआय वापरू देण्याचा निर्णय जानेवारी २०२३ मध्येच झाला. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेले नवे निर्देश १ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत आणि पडताळणीसाठी एसएमएसचाच आग्रह त्यात नाही. परदेशात स्थिरावलेल्यांनी यातलं जे हाती आहे ते घ्यावं. जुनं बचत खातं तसंच चालू ठेवणं परकीय चलन कायद्यालाही धरून नाही. ते अनिवासी खातं करून घ्यावं आणि बँकेकडे तिकडचा नंबर द्यावा. मग पौडच्या रिचार्जवर निदान बँक तरी अवलंबून राहणार नाही. आधार आणि सातबारा मात्र राहतील.

हे लवकर व्हायला हवं असं म्हणण्याला आणखी एक कारण आहे. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, सिग्नल अशा सेवांना निर्देश दिले की ज्या नंबरवर खातं आहे त्याचं सिम त्याच फोनमध्ये असल्याशिवाय ॲप चालता कामा नये, आणि त्यासाठी त्यांना ९० दिवस दिले. सायबर चोऱ्या रोखण्याचा हेतू योग्य आहे. पण भारतातला नंबर ठेवून व्हॉट्सअ‍ॅप चालवणारे आणि सिम मात्र घरी आईच्या फोनमध्ये ठेवलेले परदेशस्थ मराठी लोक किती असतील, याचा विचार करावा. आजवर बंद सिमने बँक अडायची. या निर्देशाने आई-मुलाचं रोजचं बोलणंही त्याच सिमला बांधलं जातं. सिमशिवाय बोलता येणार नाही असं सरकार म्हणत असेल, तर सिम परवडण्याजोगं आणि जगभर चालू ठेवण्याची जबाबदारीही सरकारवरच येते.

ट्राय कुठलाही नियम बदलण्याआधी चर्चापत्र काढतं आणि लोकांकडून लेखी म्हणणं मागवतं. त्यावर कंपन्यांचे जाडजूड खुलासे येतात, ग्राहकांच्या बाजूने मोजकीच पत्रं जातात. उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून काम करतं आहे, आखातात आणि युरोपातही महाराष्ट्र मंडळं आहेत, अधिवेशनं भरतात, मंत्री पाहुणे म्हणून जातात. या मंडळांनी आपल्या सभासदांचे अनुभव गोळा करून जपणूक पॅकची मागणी ट्रायकडे लेखी करावी, आणि सातबाऱ्याच्या चौकटीची मागणी महसूलमंत्र्यांकडे. मुळशीच्या लोकप्रतिनिधींनाही दुसरी मागणी विधानसभेत मांडता येईल. त्यांच्या मतदारसंघातल्या कितीतरी खातेदारांची मुलं आज त्या चौकटीबाहेर आहेत.